पेढीची गादी आणि पाठीची गादी

वार्षिक स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा धान्याच्या बाजारावर अथवा करांच्या जाचावर काही लिहावे असा आमचा प्रथम विचार होता. परंतु त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी लेखण्या याच अंकात चाललेल्या असणार. म्हणून ज्याविषयी आपण व्यापारी मंडळी एकमेकांशी रोज बोलतो, परंतु ज्याचा विचार क्वचितच करतो, असा एक विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे. तो विषय म्हणजे कंबर. उस्मानगंजातील कोणत्याही पेढीवर घटकाभर बसावे, भावताव संपले की बोलणे कमरेवर येते. कोणाची गादी सरकलेली, कोणाची शीर दबलेली, कोणास पट्टा बांधलेला, तर कोणी शस्त्रक्रियेची तारीख घेऊन बसलेला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. तथापि माल पारखणे हा आमचा चाळीस वर्षांचा धंदा आहे, आणि उपचाराची निवड हीदेखील एक पारखच आहे, असे अनुभवांती आमचे मत झाले आहे. तेच येथे मांडतो.

प्रथम आमची हकीगत. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गुदामात तुरीची मूठ पाहण्यास आम्ही खाली वाकलो आणि वळून उठतो तो कमरेतून निघालेली कळ विजेसारखी डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. दोन माणसांनी धरून मोटारीत घातले. आठ दिवस कूस पालटणेही अवघड झाले. मग आबिड्सच्या एका केंद्रात एम. आर. आय. काढला. कागदावर लिहून आले की, कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतू दाबते आहे. जावयांच्या ओळखीने त्याच सायंकाळी एका रुग्णालयात गेलो. तेथील सर्जनांनी चित्र दिव्यासमोर धरले, आमच्या पायाकडे पाहिलेही नाही, आणि सांगितले की, परवा शस्त्रक्रिया करू, दोन्ही मणक्यांत स्क्रू बसवू, आज आगाऊ रक्कम भरून जा. आम्ही भ्यालो होतो. चेकबुक काढलेही होते.

तेव्हा आमच्या धाकट्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, तुरीचा एक ट्रक घ्यायचा तर तुम्ही दहा पोत्यांतून नमुना काढता. येथे एका कागदावर सौदा कसा करता?"

त्या एका वाक्याने आम्ही भानावर आलो. धान्याच्या पोत्यात टोकदार नळी घालून मधला दाणा काढल्याशिवाय, तो हातावर चोळून दाताखाली धरल्याशिवाय ज्याने आयुष्यात सौदा केला नाही, तो स्वतःचा कणा मात्र पहिल्या ओळखीवर देऊन टाकण्यास निघाला होता. बरे, शस्त्रक्रिया ही जांगड मालासारखी नव्हे. न पटल्यास परत धाडण्याची सोय तीत नाही. चेकबुक खिशात घालून आम्ही घरी आलो.

आता ही गादी म्हणजे काय, हे आम्हांस जसे समजले तसे थोडक्यात सांगतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिचे कडे चिवट व गाभा मऊ असतो. कडे फाटून गाभा मागे आला की तो पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर येतो, आणि दुखणे कमरेचे असून कळ पायात उठते. या वेदनेस आयुर्वेदात गृध्रसी हे फार जुने नाव आहे, व डॉक्टर तिला सायटिका म्हणतात. परंतु तिचे मूळ बहुधा सरकलेल्या गादीत असते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर व बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानंतरच सर्वमान्य झाले. शस्त्रक्रियेने ती गादी काढण्याचा प्रघातही तेथूनच वाढला. पुढे १९७७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली लहान छेदातून ती काढण्याची रीत आली, व अलीकडे दुर्बिणीतूनही काढतात.

परंतु याच काळात एक दुसरी गोष्टही उमगत गेली. बाहेर आलेला गाभा पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते, आणि गंमत अशी की, मोठा सुटलेला तुकडाही असा विरून जाताना वारंवार आढळतो. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन भाग केले. एकावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्यास औषध, व्यायाम आणि धीर. त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया लवकर झाली त्यांस आराम लवकर पडला, यात शंका नाही. परंतु वर्षाअखेर दोन्ही भागांतील सुमारे ९५ टक्के रुग्णांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांस पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. उरलेल्यांस लागली नाही. या आकड्यांचा अर्थ ज्याचा त्याने आपल्या गरजेप्रमाणे लावावा. ज्यास वेदना असह्य आहे व ज्याचे काम थांबून भागत नाही, त्याने लवकर शस्त्रक्रिया केली तर ते चूक नव्हे. ज्यास धीर धरवतो, त्याने धीर धरला तर तेही चूक नव्हे. मात्र 'आज केली नाही तर पाय कायमचा जाईल' असे सरसकट सांगून जो घाबरवितो, त्याचे म्हणणे या आकड्यांशी जुळत नाही.

दुसरी गोष्ट चित्राची. एम. आर. आय. च्या कागदावर 'झीज', 'फुगवटा' हे शब्द वाचून मनुष्य अर्धा खचतो. परंतु पाठ मुळीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांची चित्रे पाहिलेल्या अभ्यासांचा मेळ २०१५ साली घातला गेला, त्यात साठीच्या माणसांपैकी ८८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, व विशीतील निरोगी तरुणांतही ३० टक्क्यांच्या गादीस फुगवटा आढळला. सारांश, केस पिकावेत तशी गादी झिजते. चित्रातील दोष व पायातील वेदना यांचा मेळ बसतो की नाही, हे अंगास हात लावून तपासणाऱ्यासच कळते. खतावणी व रोजमेळ जुळल्याशिवाय मुनीमजी हिशेब पुरा मानीत नाहीत; तोच न्याय येथे लावावा.

आम्ही त्यानंतर दोन ठिकाणी मत घेतले. एक अस्थिरोगतज्ज्ञ, दुसरे मेंदू व मज्जारज्जूचे शल्यचिकित्सक. मणक्याची शस्त्रक्रिया हे दोघेही करतात. पदवीच्या पाटीपेक्षा मणक्याचे काम ते नित्य करतात की अधूनमधून, हे पाहणे महत्त्वाचे. या दुसऱ्या डॉक्टरांनी चित्र बाजूस ठेवून आम्हांस आडवे निजविले, पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठा वर रेटावयास लावून त्यातील शक्ती पाहिली, टाचणीने त्वचा तपासली, लघवी नीट होते का ते विचारले, आणि म्हणाले, "शेठजी, पायात शक्ती आहे, सारे ठीक होते आहे. सहा आठवडे मला द्या. न जमल्यास मीच कापीन."

जो सर्जन कापता येत असूनही थांबा म्हणतो, त्याच्या हातात सुरी द्यावयास आम्हांस भय वाटणार नाही.

त्या सहा आठवड्यांत काय केले? पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, नंतर चालणे. पूर्वी पंधरा-पंधरा दिवस फळीवर निजवून ठेवीत. परंतु १९९९ साली सायटिकाच्या १८३ रुग्णांवर झालेल्या परीक्षेत दोन आठवडे अंथरुणात काढलेले आणि हिंडते-फिरते राहिलेले, दोघेही बारा आठवड्यांत सारखेच, म्हणजे सुमारे ८७ टक्के, सुधारले. तेव्हा निजून राहण्याने काही अधिक पदरात पडत नाही. वेदनाशामक औषध मोजून घेतले, फिजिओथेरपीचे व्यायाम केले. मणक्याजवळ इंजेक्शन देण्याचाही एक मार्ग असतो. त्याने काही आठवडे आराम पडतो व तेवढ्यात शरीर आपले काम करते, परंतु आम्हांस त्याची गरज लागली नाही. जमिनीवर बसणे बंद झाले. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक आम्ही त्या दिवसांत खुर्चीवर बसून केली व मनास कोठेही उणे वाटले नाही. सहाव्या आठवड्यात आबिड्सच्या मोठ्या टपाल कचेरीपासून कोठीपर्यंत पायी गेलो. खोटे कशास सांगावे, अंगठ्याच्या बाजूस थोडी बधिरता आजही आहे; परंतु गुदामात जातो, मूठ पाहतो, फक्त वाकण्याऐवजी गुडघ्यात बसतो.

याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट, असा कोणी घेऊ नये. आमच्या व्याह्यांनी तीन महिने सर्व उपाय केले, कळ हटली नाही. मग लहान छेदाची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयाच्या ओसरीत चालत होते. सुरी योग्य वेळी, योग्य जागी व योग्य हाती असली की तिच्यासारखा उपकार नाही. प्रश्न निवडीचा आहे. प्रथम उपचार निवडावा, मग सर्जन. आपण बहुधा उलट करतो: ओळखीचा सर्जन आधी गाठतो, आणि तो जे विकतो तेच घेऊन येतो.

यास्तव सर्जनासमोर बसल्यावर पुढील प्रश्न विचारण्यास संकोचू नये. माझ्या पायातील लक्षणे व चित्रातील दोष जुळतात काय? सहा आठवडे काहीच कापले नाही तर काय होईल? नुसता बाहेर आलेला तुकडा काढणार की मणके स्क्रूने जोडणार, आणि जोडणार तर कोणत्या कारणाने? कारण मणकाच आपल्या जागेवरून घसरत असेल तर जोडणे योग्य असते, परंतु प्रथमच सरकलेल्या साध्या गादीस सहसा स्क्रू लागत नाहीत. वेदना कमरेची जाईल की पायाची? कारण या शस्त्रक्रियेने पायाची कळ जाते तितकी खात्रीने कंबरदुखी जात नाही. तीच गादी पुन्हा सरकण्याचा संभव किती? तो शेकडा सुमारे पाच ते पंधरा सांगतात. अशा शस्त्रक्रिया आपण स्वतः किती करता, आणि त्या दिवशी सुरी आपल्याच हाती असेल ना? आणि शेवटी, खर्चाचा अंदाज लेखी मिळेल काय?

हे विचारणे उद्धटपणाचे आहे असे पुष्कळ बंधूंस वाटते. परंतु तो आपला हक्क आहे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट सांगितले की, उपचाराचे स्वरूप, त्यापासूनचा लाभ, मुख्य धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास होणारा परिणाम हे रुग्णास कळविल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत आपली कागदपत्रेही मिळाली पाहिजेत. ती घेऊन दुसऱ्याकडे जाण्यात पहिल्याचा अपमान नाही.

विद्वानांतही मतभेद असतात, हे हैदराबादकरांस तरी सांगावयास नको. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म सुरक्षित की घातक, या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ व १८८९ साली याच शहरात निजामांच्या आश्रयाने दोन कमिशने बसली. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक. शेकडो मुक्या जिवांवर प्रयोग झाले, जे लिहितानाही आम्हांस क्लेश होतात, आणि निर्णय झाला की, श्वासावर लक्ष ठेवले तर हृदयास भय नाही. १९११ साली इंग्लंडात लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडू शकते. एवढ्या मोठ्या मंडळाची चूक होऊ शकते, तर एका सर्जनाच्या एका सायंकाळच्या मतास दुसऱ्या मताची जोड हवी, यात वावगे ते काय?

उपचारांतही तेजी-मंदी असते. पपईच्या चिकातील एक द्रव्य गादीत टोचून ती विरघळविण्याची युक्ती १९६३ साली अमेरिकेत प्रथम माणसावर वापरली गेली, १९८२ साली तेथील सरकारने तिला मान्यता दिली, हजारोंनी ती घेतली. पुढे काही रुग्णांस गंभीर उपद्रव झाल्याचे दिसून तिचा बहर ओसरला आणि २००३ साली तेथील विक्रीच थांबली. म्हणून 'अगदी नवी पद्धत आहे' एवढ्यावर भुलू नये. नव्या मालाचा भाव पहिल्या दिवशी चढाच असतो.

आबिड्सच्या चौकात उभे राहून आम्हांस नेहमी एक विचार येतो. सहाव्या निजामांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरून या भागास नाव पडले. लोक तेथे चीजवस्तू निवडून घेण्यास येत. आज याच टापूत उपचारही निवडून घ्यावे लागतात. मात्र झगमगाटावरून निवडू नयेत. पंजागुट्ट्याची निम्स ही संस्था मुळात १९६४ साली निजामांच्या धर्मादाय द्रव्यातून उघडलेले अस्थिरोगांचे रुग्णालय होती. तेथे रांग लागते, बाक कठीण असतात, हे खरे. परंतु ज्या डॉक्टरास शस्त्रक्रिया केल्याने अथवा न केल्याने पैचा लाभ नाही, त्याचे मत ऐकण्यासाठी एक सकाळ रांगेत गेली तर ती वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.

येथवर धीर धरण्याचे महत्त्व सांगितले. आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना लेखणी अडखळते. परंतु याच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला.

आमच्या दुखण्याच्या आदल्या वर्षी आमच्या पेढीवरील एका हमालाने कंबर धरली. वय चाळिशीच्या आतबाहेर. आमच्या तारुण्यात शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन गुदामाची फळी चढणारे जे लोक आम्ही पाहिले, त्यांतलाच तो शेवटच्या पिढीतला. आम्ही त्यास तेलासाठी पैसे दिले, चार दिवस घरी पड म्हणून सांगितले, आणि आपले कर्तव्य केल्याच्या समाधानात राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप धाडला की, दोन्ही पाय जड झाले आहेत, बैठकीची जागा बधिर वाटते आणि लघवी उतरत नाही. आम्ही म्हटले, औषधाची उष्णता असेल, पाणी पी. असे चार दिवस गेले. मग शेजाऱ्यांनी त्यास सरकारी रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी त्याच रात्री शस्त्रक्रिया केली, परंतु बाहेर येऊन आम्हांस एवढेच विचारले, "इतका उशीर कोणी केला?"

आम्ही खाली मान घातली. गादीचा मोठा तुकडा मणक्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंच्या सबंध जुडग्यावर पडला की असे होते. डॉक्टर त्यास कॉडा इक्विना म्हणतात. तेथे आठवडे मोजावयाचे नसतात, तास मोजावयाचे असतात. शक्यतो पहिल्या ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. त्या मनुष्याचे पाय सावरले, परंतु लघवीवरील ताबा पुरता परत आला नाही. आज तो आमच्या वजनकाट्यापाशी बसतो. रोज सकाळी तो आम्हांस नमस्कार करतो, आणि तो नमस्कार स्वीकारणे आम्हांस जड जाते. आमच्या अंगठ्याच्या बधिरतेसाठी तीन दिवसांत तीन तज्ज्ञ झाले. त्याच्या वाट्यास चार दिवस तेल आले.

तेव्हा बंधूंनी ही लक्षणे पाठ करावीत: बैठकीच्या जागी बधिरता, लघवी अडणे अथवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा, किंवा पाऊल वर न उचलणे व ते दिवसेंदिवस वाढत जाणे. यांपैकी काहीही दिसले तर दुसरे मत, मालिश, मुहूर्त, काही नको. त्याच घटकेस मोठे रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे अथवा रात्रीची न थांबणारी वेदना असेल तर मणक्याचा क्षय किंवा याहून गंभीर काही नाही ना, हेही लवकर पाहावे. एरवी धीर, आणि या ठिकाणी घाई, हा भेद ओळखणे हीच खरी पारख.

आपल्या पेढीची गादी ज्यांच्या पाठीवर उभी आहे, त्यांच्या पाठीची गादी हा आपला प्रश्न आहे, हे महाराष्ट्राने आपल्याआधी ओळखले. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली तेथे माथाडी व हमाल यांच्यासाठी कायदा झाला. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने शेतमजुरांची कंबरदुखी हा समाजाचा रोग मानला, आणि मुंबईचे डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी तेथे जाऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करू लागले. माणसाने उचलावयाचे ओझे ५५ किलोच्या वर नसावे, ही आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची शिफारस १९६७ सालची आहे. सरकारी खरेदीचे धान्य आता ५० किलोच्या कट्ट्यांत येते. आपल्यापैकी कोणाकडे जड पोत्याची जुनी चाल राहिली असेल तर ती सोडावी. दोन चाकांची एक हातगाडी एका एम. आर. आय. च्या खर्चात येते.

मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी की, वर सांगितलेली धोक्याची लक्षणे मराठी, तेलुगू, हिंदी व उर्दू भाषांत छापून प्रत्येक गुदामाच्या दारावर लावावीत. आणि सभासद असो वा हमाल, मणक्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसरे मत घेण्याचा खर्च मंडळाच्या निधीतून व्हावा. पहिल्या वर्षीचा आमचा वाटा आम्ही या लेखासोबतच चिटणिसांकडे पाठविला आहे.